उजव्या पंखापुढची खिडकी

“तुझ्या आईचं विमानाचं पक्कं कर. मी आगगाडीनं येतो.”

आमचे हे एवढं म्हणाले आणि चहा पिऊ लागले. मोबाइलच्या पडद्यावर लेकीचा चेहरा तसाच थांबला. मला आधी वाटलं, नेट अडकलं. मग तिच्या भुवया वर गेल्या तेव्हा कळलं की नेट ठीक आहे, अडकलेत ते आमचे हे.

“बाबा, आगगाडीला दोन दिवस लागतात. मध्ये गाडी बदलायची, तिथे सहा तास बसायचं. आणि तिकिटं आहेत की तुमच्याकडे! चांगली दोन आहेत!”

“आहेत ना. एक आईचं.”

“आणि दुसरं?”

“दुसरं राहील.”

माझ्या मांडीवर कुणाची तरी पँट होती, आखूड करायला आलेली. सुई सरळ बोटात गेली. “अहो, काय बोलताय काय?” मी म्हटलं. पण चहा पिताना यांच्याशी बोलून उपयोग नसतो, हे तीस वर्षांत मला कळलेलं आहे. लेक म्हणाली, “आई, तू बघ बाई यांचं काय ते. मला आता वाकून चप्पलसुद्धा घालता येत नाही, मला नका त्रास देऊ.” आणि फोन ठेवला. सातवा संपत आला होता तिचा. बाळ यायच्या आधी आम्ही दोघांनी तिथं असावं, एवढंच तिचं मागणं होतं.

ही तिकिटं काय होती ते सांगायला हवं. आमच्या यांनी एकतीस वर्षं विमानतळावर विमानांत इंधन भरलं. ते स्वतः इंधन म्हणत नाहीत, तेल म्हणतात. निवृत्त झाले तेव्हा कंपनीनं एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि दोघांसाठी जाण्यायेण्याची विमानाची तिकिटं दिली, देशात कुठेही, एका वर्षाच्या आत. घड्याळ पहिल्या महिन्यातच बंद पडलं. तिकिटं मी कपड्यांच्या कपाटात, घडीच्या चादरींखाली ठेवली होती आणि अधूनमधून चादर उचलून बघत होते. हसू नका. मी आयुष्यात विमानात बसलेली नाही.

आमचं घर विमानांच्या वाटेखाली आहे. विमान गेलं की माझ्या मशीनवरची कात्री थरथरते. पहिलं विमान गेलं की उठायचं, तिसरं गेलं की दूध तापवायचं, असा आमचा दिवस. विमानातल्या मुलींचे स्कर्ट मीच कमरेत आवळून देते, त्या पोरी माझ्या टाक्यांवर जग फिरून येतात. आणि मी? मी खाली.

लग्नाला दोन महिने झाले होते तेव्हा हे मला विमानतळाच्या गच्चीवर घेऊन गेले होते. तेव्हा लोकांना तिथून बघू देत. लांबवर एका विमानाच्या पंखाखाली मुंगीएवढा माणूस उभा होता. हे म्हणाले, “तिथं मी असतो.” मला इतकं कौतुक वाटलं! मग म्हणाले, “एक दिवस तुला खिडकीत बसवीन. मी शेजारी बसेन आणि सगळं समजावून सांगेन, काय कशाला असतं ते.” मग लेक झाली, मग सासूबाईंचं आजारपण, मग लेकीचं शिक्षण. सुट्टी मिळाली तर पैसे नसत, पैसे असले तर सुट्टी नसे. मी कधी कुरकुर केली नाही असं म्हणणार नाही. भरपूर केली. पण दर वेळी ते म्हणायचे, “माझ्या लक्षात आहे.” आणि मला ते पुरायचं.

आणि आता तिकिटं हातात असताना हा माणूस म्हणतो, दुसरं राहील!

“भांडायचं असेल तर आत्ताच भांडून घे,” कप विसळताना ते म्हणाले. “मग मला बाजारात जायचंय.”

“भांडत नाही. कारण सांगा.”

ते आतल्या खोलीत गेले आणि वह्या घेऊन आले. त्या वह्या बघताच माझं डोकं फिरलं. एकतीस वर्षांच्या एकतीस वह्या. कामाला लागले तेव्हा यांच्या फोरमननं सांगितलं होतं म्हणे, कंपनीचे कागद हरवतात, स्वतःची वही ठेव. विमानात तेल भरण्याआधी त्याचं तापमान बघावं लागतं, हवेचं बघावं लागतं, उन्हात तेल फुगतं की काय. ते सगळं हे कंपनीच्या कागदावर लिहीत आणि शिवाय आपल्या वहीत. निवृत्त झाल्यापासून यांना दुसरा उद्योग नव्हता. दुपारभर त्या वह्या उघडून बसायचे, पट्टी-पेन्सिल घेऊन. मला वाटलं होतं, रिकामपणाचे चाळे आहेत, जातील.

“हे बघ,” ते म्हणाले. “पहिल्या विमानाच्या वेळचे हवेचे आकडे. सकाळचे. दरवर्षीचे.”

“मला नका दाखवू.”

“वर जातायत गं. मध्येच एखादं वर्ष खाली येतं, पण एकूण वर जातायत. माझ्या हातानं लिहिलेत. पेपरवाल्यांनी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, असेल नसेल. पण हे अक्षर माझं आहे.”

“मग? एका तुमच्या न बसण्यानं खाली येणार आहेत का ते?”

“नाही.”

“तुम्ही नाही बसलात तर विमान उडायचं थांबणार आहे का?”

“छे! ते उडणारच. मला काय विचारतेस, भरणारा मीच होतो.”

“मग झालं तर!” मी म्हटलं. आता याच्यापुढे ते काय बोलणार असं मला वाटलं. वह्या उचलल्या, आत ठेवल्या, पिशवी घेतली आणि बाजारात गेले. जाताना पाण्याचा ग्लास भरला, गोल फिरवला, खिडकीच्या उजेडात धरून बघितला आणि मगच प्यायले.

ही त्यांची जुनी खोड. तेल भरण्याआधी काचेच्या बरणीत थोडं काढायचं, बरणी फिरवायची, उजेडात धरून बघायचं, पाणी-कचरा नाही ना. एकतीस वर्षं दिवसातून दहा वेळा केल्यावर हात ऐकत नाही. घरात पाणी असो, दूध असो, औषध असो, आधी फिरवणार, मग बघणार. कुणाकडे गेलो की यजमानीण घाबरते, ग्लासात काही पडलंय की काय. आणि मी दर वेळी म्हणते, “प्या आता, पाणीच आहे ते.” त्या दिवशीसुद्धा म्हटलं. पण नेहमीसारखं नाही म्हटलं.

आता माझी चूक सांगते.

दोन दिवसांनी जिन्यात समोरच्या घरातल्या वहिनी भेटल्या. त्यांचे यजमान बँकेत होते, म्हणून सगळे त्यांना बँकवाले म्हणतात. वहिनी म्हणाल्या, “मग काय, दोघं विमानानं ना? मजा आहे बाई!” मी म्हटलं, “मी एकटीच. हे आगगाडीनं.” वहिनींचे डोळे चमकले. “अगंबाई! का हो?”

का? काय सांगणार होते मी? की आमचे हे हवेच्या काळजीपोटी बसत नाहीत? ज्या माणसानं एकतीस वर्षं तेच केलं तो आता साधू झालाय? वहिनी तोंडावर काही म्हणाल्या नसत्या, पण संध्याकाळपर्यंत चारी मजल्यांवर आमचं हसं झालं असतं. माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, “घाबरतात हो ते. छातीत धडधडतं त्यांना, उंचावर.”

“अय्या!” वहिनी म्हणाल्या. आणि त्यांना ते लगेच पटलं. भीती असली की लोकांना बरं वाटतं. भीती समजते.

एकदा जीभ सुटली की काय! त्याच आठवड्यात जावयाचा फोन आला तेव्हा त्यालाही मी तेच सांगितलं. जावयापुढे आपल्या माणसाला विचित्र कशाला दाखवा? जावई हसला, म्हणाला, “असं होय! मग आधीच सांगायचं ना बाबांनी, त्यात लाजायचं काय?”

पुढच्या रविवारी मी खालच्या दुकानात दोरा घ्यायला गेले होते. दुकानाच्या मागच्या बाजूला न्हाव्याची खुर्ची आहे, मध्ये फक्त लाकडी फळी. पलीकडून बँकवाल्यांचा आवाज आला. त्यांचा आवाज आडवा येत नाही असं ठिकाण नाही.

“काय हो, ऐकतोय ते खरं का? विमानाला घाबरता म्हणे? अहो, आयुष्यभर पेट्रोल भरलंत की तुम्ही त्यात! लोकांना वर पाठवलंत आणि स्वतःची बसायची टाप नाही?”

न्हावी हसला. आणखी कोणीतरी हसलं. मी दोऱ्याचं रीळ हातात धरून तशीच उभी राहिले. मला वाटलं, आता हे सांगतील. सांगून टाकतील, बायको काहीही बोलते. त्यांना तसं सांगायचा पूर्ण अधिकार होता.

“हो ना,” आमच्या यांचा आवाज आला. “छातीत धडधडतं.”

“म्हणजे पंखाखाली ठीक, पंखावर नको!”

“तसंच म्हणा,” हे म्हणाले. “जरा कानामागचं नीट कर रे.”

मी दोऱ्याचे पैसे न देताच घरी आले. परत जाऊन दिले, पण ते नंतर.

ते आले. केस बारीक केल्यामुळे कान मोठे दिसत होते. मी म्हटलं, “मी दुकानात होते.”

“बरं.”

“बरं काय बरं? का नाही सांगितलंत त्यांना? तोंड नव्हतं तुम्हाला?”

ते खुर्चीवर बसले, मानेवरचे केस झटकले. “तू सांगितलं होतंस ना वहिनींना तसं. मी वेगळं सांगितलं असतं तर तू खोटी पडली असतीस.”

मला रडू आलं, आणि राग आला, आणि रागच आधी बाहेर पडला. “म्हणून काय स्वतःचा पाणउतारा करून घ्यायचा? चारचौघांत? त्या बँकवाल्याकडून?”

“मला काय फरक पडतो? मी घाबरत नाही हे मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे.” मग म्हणाले, “आणि खरं सांगितलं असतं तरी ते हसलेच असते. मग भाषण द्यावं लागलं असतं. मला भाषण येत नाही.”

हे मात्र खरं. निरोपाच्या दिवशी कंपनीत दोन शब्द बोला म्हटलं तर हे मोजून दोनच शब्द बोलले होते, “चला, येतो.”

मी बराच वेळ मशीनवर बसून राहिले. शिवलं काहीच नाही. मग म्हटलं, “आणा ती वही.”

“कुठली?”

“सगळ्याच काय आणताय! लेक झाली त्या वर्षाची आणा.”

त्यांनी आणली. पान शोधायला त्यांना वेळ लागला नाही. आकडे, आकडे, आकडे. त्या दिवसाच्या ओळीशेजारी, समासात, शाईनं लिहिलेलं, “मुलगी झाली.” एवढंच. एकतीस वर्षांच्या वह्यांमध्ये तेवढे दोनच शब्द, बाकी सगळे आकडे. मी हॉस्पिटलात होते आणि हे पंखाखाली, कुणीतरी धावत येऊन सांगितलं होतं, ते मला आठवलं. मी त्या वेळी फार चिडले होते, की आलात का नाही लगेच. विमान अर्धं भरलेलं सोडून येता येत नाही, असं ते म्हणाले होते.

“आता याच तारखेचे पुढचे वाचा,” मी म्हटलं.

एकेक वही काढून ते वाचत गेले. लेकीचा पहिला वाढदिवस, दुसरा, तिसरा. मी प्रत्येक वर्ष ओळखत होते. ज्या वर्षी ती पडली आणि हात मोडला. ज्या वर्षी सासूबाई गेल्या. ती पहिल्यांदा एकटी शाळेत गेली ते. आकडा एखाद्या वर्षी उतरायचा आणि मला उगाच बरं वाटायचं. मग पुन्हा चढायचा. शेवटच्या वहीपर्यंत आलो तेव्हा मी पहिला आकडा विसरले नव्हते. मला शिवणकामातलं माप विसरता येत नाही, तसाच तो डोक्यात बसला होता.

“आणि हिच्या बाळाच्या वर्षाचा?” मी विचारलं.

त्यांनी वही मिटली. “ते मी लिहिणार नाही आता,” ते म्हणाले.

मग आपणहून बोलायला लागले. एवढं सलग बोललेले मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. “आम्ही तेल भरतो ना, तेव्हा हातात एक बटण असतं, वायरला लटकलेलं. ते दाबून धरायचं. दाबलेलं आहे तोवर तेल चालू. सोडलं की बंद. मुद्दाम तसं केलेलं असतं, माणूस चक्कर येऊन पडला तर हात सुटेल आणि तेल थांबेल म्हणून. एकतीस वर्षं दाबून धरलं मी ते. पोट भरलं त्याच्यावर आपलं, मी नावं ठेवणार नाही त्याला. पण आता सोडलंय. बस्स, एवढंच आहे. सोडलेलं पुन्हा कशाला धरू?”

मी त्यांच्या उजव्या अंगठ्याकडे बघितलं. तो कायमचा जरा वाकलेला आहे. मला वाटायचं, संधिवात.

“तरीही मी विमानानंच जाणार,” मी म्हटलं. स्पष्टच म्हटलं. “मला बसायचंय. मला वरून ढग बघायचेत. तुम्ही कितीही वह्या वाचा.”

“मग जा ना! मी कुठं नाही म्हटलं? मी कबूल केलं होतं तुला. आता शेजारी बसता येत नाही, तेवढं माफ कर.” आणि लगेच पेन्सिल घेऊन कागदावर विमान काढायला बसले. “हे बघ, उजवीकडची खिडकी घे. पंखाच्या पुढची. पंखावरची घेतलीस तर खाली पंखच दिसेल. तेल उजव्या पंखाखाली भरतात. भरत असतील तोवर पट्टा बांधायचा नाही, वेळ आली तर पटकन उठता यावं म्हणून, त्या मुली सांगतील. घाईघाईनं बांधू नकोस, तुझी सवय आहे.”

मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

ते मंगळवारी सकाळी निघाले. माझं विमान गुरुवारी दुपारचं. आगगाडीनं पोहोचायला गुरुवारची दुपार होणार होती, त्याचा हिशेब त्यांनी आधीच लावला होता. “तू उतरशील तेव्हा मी तिथं असेन,” म्हणाले. पिशवीत ब्रेड, उकडलेली अंडी, दोन शर्ट आणि लेकीसाठी मी शिवलेली बाळाची झबली. जिन्यात बँकवाले भेटले, म्हणाले, “निघालात? सांभाळून हो, आगगाडीसुद्धा कधीकधी पुलावरून जाते!” हे हसले. मी दारात उभी होते. माझ्या ओठांवर आलं होतं. अगदी आलं होतं. पण वहिनी मागे उभ्या होत्या, आणि मी गिळलं.

दोन दिवस घर मोठं वाटलं. दोघांचा चहा टाकायची आणि एक कप ओतून द्यायची. विमानं जायची, कात्री थरथरायची. तीस वर्षांत पहिल्यांदा मी प्रत्येक विमानाला विचारलं, किती भरलं असेल तुझ्यात?

गुरुवारी मी नवे बूट घालून विमानतळावर गेले. खोटं कशाला सांगू, काळीज पोरीसारखं उड्या मारत होतं. उजवीकडची, पंखाच्या पुढची खिडकी. शेजारची खुर्ची रिकामी. दोन्ही तिकिटं एकत्रच नोंदली गेली होती; यांचं दुसऱ्या कुणाच्या नावावर होत नव्हतं, आणि परत करायला हे विसरले होते, की मुद्दाम नव्हतं केलं, कोण जाणे. त्याच्या पलीकडे, वाटेच्या बाजूला, एक बाई बसल्या होत्या, हातात कागदांची फाइल.

मी बसल्याबसल्या पट्टा आवळला. विमानातली मुलगी आली आणि हसून म्हणाली, “मावशी, अजून बांधू नका हं, इंधन भरणं चालू आहे.” मी पट्टा सोडला आणि खिडकीला नाक लावलं.

पंखाखाली मिशीवाला उभा होता. यांच्या जोडीला वीस वर्षं होता तो, आमच्याकडे कितीदा जेवायला आलेला. यांनी त्याला सांगून ठेवलेलं असणार, कारण तो खिडक्यांकडे बघत होता. एक, दोन, तीन, आणि मी सापडले. त्यानं हात हलवला नाही. त्यानं काचेची बरणी उचलली, फिरवली, उन्हात धरली आणि माझ्या खिडकीच्या दिशेला वर केली. जणू म्हणत होता, बघा वहिनी, स्वच्छ आहे. मी हात हलवला तो काचेला आपटला.

मग त्यानं ते बटण हातात घेतलं आणि उभा राहिला. नुसता उभा. मी वाट बघत राहिले, आता सोडेल, आता सोडेल. बाकीचे प्रवासी बॅगा चढवत होते, पोरं रडत होती, कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं. त्याचा हात सुटेना. इतका वेळ लागतो हे मला माहीतच नव्हतं. एका विमानाला एवढं. मला वाटलं, अहो, बास की आता. तेव्हा कुठे लक्षात आलं की ते मलाच न्यायला चाललंय सगळं.

“इथं कुणी आहे का?” फाइलवाल्या बाईंनी विचारलं. त्यांना पर्स ठेवायची होती.

“आमचे हे,” मी म्हटलं. “म्हणजे, आले नाहीत.”

“अरेरे. बरं नाही का त्यांना?”

“ते घाब...” मी सुरुवात केली आणि शब्द अर्ध्यावर सोडला. मग म्हटलं, “काम होतं त्यांना.” एक खोटं टाकलं आणि दुसरं उचललं. बाईंनी पर्स ठेवली. मी परत खिडकीकडे वळले.

विमान उडालं तेव्हा मी देवाचं नाव घेतलं आणि नंतर हसले. मोठ्यानं हसले, फाइलवाल्या बाई बघायला लागल्या. आमचं घर शोधायचा प्रयत्न केला, पण सगळी छपरं एकसारखी. मग ढग आले, आणि मग ढग खाली गेले. काय सांगू! पांढरं, लांबच लांब, उन्हानं भरलेलं. मी तीस वर्षं वाट बघितली होती आणि ते वाट बघण्यासारखंच होतं. मी दोनदा शेजारी वळून म्हणाले, “अहो, बघा ना!” आणि दोन्ही वेळा तिथं पर्स होती.

दोन तासांनी उतरलो. बाहेरच्या काचेच्या दारापाशी लेक उभी होती, पोटावर हात ठेवून. जावई होता. आणि हे होते. शर्ट चुरगळलेला, दाढी वाढलेली, डोळे लाल. दोन दिवस आणि दोन रात्री बाकावर काढल्या होत्या त्यांनी. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

“खिडकी मिळाली?” त्यांनी विचारलं.

“मिळाली.”

“मिशीवाला दिसला?”

“दिसला.”

“ढग?”

“दिसले हो. सगळं दिसलं,” मी म्हटलं.

जावई माझी बॅग घेत म्हणाला, “आई बघा, एकट्या आल्या, घाबरल्या नाहीत! बाबा, तुम्ही उगाच घाबरलात. परत जाताना आम्ही गोळी देऊ तुम्हाला, झोप लागते, काही कळत नाही.” चांगला मुलगा आहे, प्रेमानंच म्हणाला. लेकही हसली. आणि हे नेहमीसारखं हसले, तोंड उघडलं, आणि मला कळलं की आता हे “हो ना” म्हणणार आहेत. पुन्हा एकदा. माझ्यासाठी.

“ते घाबरत नाहीत,” मी म्हटलं.

जावई थांबला.

“मी खोटं सांगितलं होतं तुम्हाला. शेजाऱ्यांनाही सांगितलं. लाज वाटली मला खरं सांगायची, म्हणून. यांनी ठरवलंय की आता विमानात बसायचं नाही. हवा तापत चाललीय, ती यांनी आपल्या हातानं वहीत लिहिलीय, एकतीस वर्षं. एकट्यानं काही होत नाही हे यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. तरी नाही बसायचं. झालं. आणि त्या बँकवाल्यानं चारचौघांत टिंगल केली तेव्हा माझा शब्द खाली पडू नये म्हणून यांनी ऐकून घेतली. आता कुणी हसायचं नाही.”

मी हे एवढ्या मोठ्यानं बोलले की एक हमाल थांबून ऐकत होता. लेक माझ्याकडे बघत राहिली, मग तिच्या बाबांकडे. तिनं त्यांचा तो चुरगळलेला शर्ट खांद्यावर नीट केला. “बाबा,” एवढंच म्हणाली.

“चला, ऊन आहे,” हे म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

घरी पोहोचलो. लेकीचं स्वयंपाकघर छोटं, खिडकी पश्चिमेची. परतीची तिकिटं माझ्या पर्समध्ये होती. माझ्या तिकिटाचं काय करायचं ते माझं मी ठरवणार होते, घाई नव्हती. फोन काढून मी बँकवाल्या वहिनींना निरोप लिहायला घेतला आणि “घाबरत नाहीत” इथपर्यंत लिहिला. तेवढ्यात जावयानं यांना पाणी आणून दिलं.

प्रवासानं तहानलेले होते ते. तरी त्यांनी ग्लास गोल फिरवला. खिडकीपाशी गेले, उजेडात धरला आणि डोळे बारीक करून बघायला लागले. जावई गोंधळून माझ्याकडे बघू लागला. लेकही बघत होती, आता आई ‘प्या आता, पाणीच आहे’ म्हणणार म्हणून.

मी थांबले. त्यांचं बघून होईपर्यंत थांबले.

मग ते वळले आणि तो ग्लास त्यांनी माझ्यापुढे धरला.

“घे, तू पी आधी,” ते म्हणाले. “स्वच्छ आहे.”